चिंता आणि विषाद : एका भेदाचा इतिहास

मनाच्या दुःखाविषयी बोलावयाचे झाले, तर मराठी माणसापाशी शब्दांची वाण नाही. काळजी, घोर, धास्ती, धाकधूक, हुरहूर, घालमेल ही एका कुळातली मंडळी. उदासी, खिन्नता, विषण्णता, विषाद, नैराश्य ही दुसऱ्या कुळातली. पहिल्या कुळाचे तोंड उद्याकडे असते, दुसऱ्याचे बहुधा कालकडे. असे असूनही हाच माणूस डॉक्टरपुढे जाऊन बसला म्हणजे एवढेच सांगतो, की झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही. आणि फार आग्रह केला तर ‘टेन्शन आहे’ एवढा एक परका शब्द त्याच्या तोंडून निघतो. त्या एका शब्दात दोन्ही कुळे एकत्र कोंबली जातात. हा दोष केवळ रुग्णाचा आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. चिंता आणि विषाद ह्यांना वेगळे ओळखण्यास खुद्द वैद्यकशास्त्राला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो भेद अजूनही पुरता स्थिरावलेला नाही. ह्या भेदाचा इतिहास शिक्षकांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी जाणून घेणे का अगत्याचे आहे, हे प्रस्तुत लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

आरंभ आपल्या घरापासून करू. चरकसंहितेत ह्या दोन्ही अवस्थांची नोंद आहे, पण एके ठिकाणी नाही. सूत्रस्थानात वाताचे जे ऐंशी विकार गणले आहेत, त्यांत विषादाचे नाव येते. आणि त्याच स्थानात अन्यत्र, रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. अतिचिंतनाचा विचार मात्र विमानस्थानात, स्रोतसांच्या संदर्भात केला असून, चिंतनाच्या विषयांचा फार विचार केल्याने रसवह स्रोतसे दूषित होतात, असे तेथे मत आहे. म्हणजे एक विकार आणि दुसरे विकाराचे कारण, अशी ही विभागणी झाली. उपचारांच्या बाबतीत चरकाने तीन प्रकार सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हा सत्त्वावजयाचा अर्थ होय. मनाच्या विकारावर मनाच्याच द्वारे उपचार करता येतो, हा विचार येथे शास्त्राच्या भाषेत मांडला गेला आहे, ही गोष्ट लहान नाही.

ह्याहून अधिक बोधप्रद उदाहरण मात्र वैद्यकातले नसून वाङ्मयातले आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीने हा प्रसंग मराठीत आणल्यापासून तो आपल्या अंगवळणी पडला आहे. पण अर्जुन स्वतःच्या अवस्थेचे जे वर्णन करतो ते आजच्या डॉक्टरच्या नजरेने वाचून पाहावे. गात्रे गळत आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, रोमांच उभे राहिले आहेत, त्वचा जळत आहे, मन भ्रमत आहे. ही लक्षणे आजची पाठ्यपुस्तके विषादाखाली नव्हे, तर तीव्र चिंतेच्या झटक्याखाली लिहितील. त्यानंतर धनुष्य टाकून, शोकाने व्याकूळ होऊन तो रथात खाली बसतो, तेथे मात्र विषादाचे चित्र पुरे होते. गीताकारांना हे भेद ठाऊक नव्हते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. एकाच माणसाच्या ठायी भीती आणि खेद एकामागून एक, किंबहुना एकाच वेळी, नांदतात, आणि जुन्या भाषेने त्या दोहोंना मिळून एक नाव दिले, एवढेच आम्ही दाखवू इच्छितो.

ग्रीकांचीही गत निराळी नव्हती. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत, भीती किंवा खेद दीर्घकाळ टिकला तर तो ‘मेलँकोलिया’ म्हणजे कृष्णपित्ताचा विकार समजावा, असे म्हटले आहे. भीती किंवा खेद : दोन लक्षणे आणि रोग एक. हा संसार पुढे दोन हजार वर्षे मोडला नाही. १६२१ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट बर्टनने मेलँकोलियावर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातही भय आणि शोक ही जोडी एकत्रच वावरते.

विभक्त होण्याची क्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. १८६९ मध्ये जॉर्ज बिअर्ड ह्या अमेरिकन डॉक्टरने थकवा, अनिद्रा, भीती, उदासी ह्या सर्वांची मोट बांधून तिला ‘न्यूरेस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचे दौर्बल्य, असे नाव दिले. १८७१ मध्ये जेकब दा कोस्टा ह्याने यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयात दोष सापडत नसताना ते असे का धडधडते, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. १८९५ मध्ये फ्रॉइडने बिअर्डच्या मोटेतून चिंतेचा विकार बाहेर काढून त्याला स्वतंत्र संसार थाटून दिला. १८९९ मध्ये जर्मनीत क्रेपेलिनने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत विषाद आणि उन्माद ह्यांना एका रोगाच्या दोन बाजू म्हणून एकत्र बसविले. अशा रीतीने चिंता एका घरी गेली आणि विषाद दुसऱ्या. वाटणी झाली खरी. पण घर वाटले तरी परसातली विहीर सामाईकच राहावी, तसे अनिद्रा, थकवा, चित्त न लागणे हे लक्षणांचे पाणी दोन्ही घरी जाऊ लागले.

ह्या वाटणीची खरी परीक्षा औषधांनी घेतली, आणि तीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार होत असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी रक्तदाब आणि उन्माद ह्यांवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष ह्या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तिच्यातून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. रिसर्पिनने रुग्ण शांत होत, हे खरे. परंतु रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खोल खिन्नतेत बुडाल्याचे वृत्तांत येऊ लागले. क्षोभ शमविणारे औषध खेद वाढवीत असेल, तर क्षोभ आणि खेद ह्या एकच गोष्टी नव्हेत, असे अनुमान अनेकांनी काढले, आणि मेंदूतील रसायनांविषयीच्या पुढील सिद्धांतांना त्यातून चालना मिळाली. ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड ह्यांनी चिंताग्रस्त व विषण्ण रुग्णांवर रिसर्पिनची पद्धतशीर परीक्षा करून त्याचा लाभ होतो असे दाखविले होते. आणि अलीकडच्या परीक्षणांत रिसर्पिनवरील तो जुना आरोप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. इतिहासात अर्धवट सत्येही पुष्कळ काम करून जातात, ती अशी.

ती दहा वर्षे विलक्षण धामधुमीची होती. १९५५ मध्ये मेप्रोबामेट आणि १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड ही चिंता शमविणारी औषधे बाजारात आली. १९५७ मध्ये स्विस डॉक्टर रोलान्ड कून ह्याने इमिप्रामिन हे विषादावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. चिंतेची औषधे एका फडताळात आणि विषादाची दुसऱ्यात, अशी सोय झाली. परंतु लवकरच डोनल्ड क्लाइन ह्या अमेरिकन डॉक्टरला आढळले, की विषादावरचे इमिप्रामिन चिंतेचे अकस्मात येणारे झटकेही थांबविते. फडताळाची दारे पुन्हा एकमेकांत उघडली. इंग्लंडात मॅक्स हॅमिल्टनने १९५९ मध्ये चिंता मोजण्याचे आणि १९६० मध्ये विषाद मोजण्याचे अशी दोन मापे तयार केली. गंमत अशी, की चिंतेच्या मापात विषण्ण मनःस्थितीचे एक कलम आहे आणि विषादाच्या मापात चिंतेची दोन. एकाच हाताने केलेल्या दोन तराजूंतसुद्धा ह्या दोघी एकमेकींना सोडून बसावयास तयार नव्हत्या.

वाणीच्या उपचाराची कथाही ह्याच काळात पुढे सरकली. तिची एक जुनी कडी गोमंतकात आहे. बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया ह्याने पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले होते, की संमोहनाचे सामर्थ्य प्रयोगकर्त्याच्या अंगच्या कोणत्याही गूढ द्रवात नसून ते प्रयोगाला बसलेल्या माणसाच्याच मनात असते. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे ह्याने भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. अल्बर्ट एलिस आणि आरन बेक ह्यांनी विचारांची वळणे बदलून भावना बदलण्याचे मार्ग आखले. एलिसची विवेकनिष्ठ पद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय किशोर फडके ह्यांना जाते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाहिया ह्यांनी पातंजल योगाच्या आधारे उपचारांची एक रीत बसविली. चरकाचा सत्त्वावजय येथे निराळ्या वेषात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ह्या वेळी त्याला प्रयोगाची कसोटी लागली.

त्या कसोटीचे एक लक्षणीय उदाहरण पुन्हा गोव्यातलेच आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ ह्या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी आरोग्यकेंद्रे आणि खाजगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी एक प्रयोग केला, व त्याचे फलित २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक सल्लागारांनी चिंता आणि विषाद ह्यांच्या रुग्णांना समजावून सांगणे, जरूर तर संवादोपचार देणे, आणि आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर डॉक्टरने औषध देणे, अशी त्याची मांडणी होती. सरकारी केंद्रांत ह्याचा स्पष्ट लाभ दिसला; खाजगी दवाखान्यांत नेहमीच्या उपचारांहून तो अधिक ठरला नाही. ह्या प्रयोगात चिंता आणि विषाद ह्यांना ‘सामान्य मनोविकार’ ह्या एकाच छत्राखाली घेतले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हिपोक्रेटिसने एकत्र ठेवलेली जोडी शतकभराच्या ताटातुटीनंतर अशी पुन्हा एकत्र आली.

मग भेद करावयाचाच कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ह्याचे उत्तर असे, की दार एक असले तरी आतल्या वाटा दोन आहेत. चिंतेचा रोगी ‘काहीतरी वाईट होणार’ म्हणतो; विषादाचा रोगी ‘जे व्हावयाचे ते होऊन गेले, आता काही उरले नाही’ म्हणतो. पहिल्याला सुखाची इच्छा असते पण भीती ती भोगू देत नाही. दुसऱ्याची इच्छाच वाळून जाते. पहिल्याला बहुधा झोप लवकर लागत नाही. दुसऱ्याला पुष्कळदा पहाटे फार लवकर जाग येते आणि सकाळ सर्वांत जड जाते. हे नियम नव्हेत, खुणा आहेत. जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे खिन्नता किंवा निरिच्छता टिकली, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, चित्ताची एकाग्रता ह्यांत बिघाड झाला, तर डॉक्टर विषादाचा विचार करतात. आवरता न येणारी सर्वव्यापी चिंता कित्येक महिने चालली, तर चिंताविकाराचा. दोन्ही एकत्र असणे हेही नित्याचेच आहे. शिवाय थायरॉइड ग्रंथीचा दोष किंवा रक्तक्षय अशी लक्षणे उत्पन्न करू शकतो, म्हणून शरीराची तपासणी आधी व्हावी लागते.

चुकीच्या ओळखीचे मोल रोग्यालाच द्यावे लागते. विषादाच्या रोग्याला केवळ झोपेची गोळी दिली, तर रात्र सरते पण रोग राहतो, आणि अशा गोळ्यांची सवय जडण्याचा धोका वेगळाच. आज विषादावर दिली जाणारी अनेक औषधे चिंतेवरही चालतात. पण त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. दोन दिवसांत गुण नाही म्हणून ती टाकणे, किंवा बरे वाटले म्हणून आपल्याच मनाने एकाएकी बंद करणे, ही चूक आहे. ‘काळजी करू नकोस’ हा उपदेश चिंताग्रस्ताला आणि ‘मन खंबीर कर’ हा उपदेश विषण्णाला करणे म्हणजे लंगड्याला धाव म्हणण्यासारखे आहे.

उपचार मिळण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. १९१२ चा कायदा ह्या रुग्णांना ‘लुनॅटिक’, म्हणजे वेडे, म्हणत असे. १९८७ मध्ये नवा कायदा आला. आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क ठरविला व आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते. असे असूनही, २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. ही दरी केवळ डॉक्टरांच्या संख्येची नाही. सांगता न येणाऱ्या दुःखाचीही ती दरी आहे.

येथे भाषेच्या उपासकांचे काम सुरू होते. वर्गात जो मुलगा पूर्वी हात वर करी आणि आता खिडकीबाहेर पाहत बसतो, त्याचे नाव डॉक्टरच्या आधी शिक्षकाला कळते. ‘तुला भीती वाटते, की काहीच वाटत नाही?’ हा साधा मराठी प्रश्न त्याला विचारता येतो. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट, आधीच शिरलेला असेल तर त्याला बाहेर पडावयास वाट मिळते. रोगाचे निदान करणे हा शिक्षकाचा अधिकार नव्हे; पण डॉक्टरपुढे बसल्यावर ‘टेन्शन’ ह्याहून अधिक नेमका शब्द त्या मुलाच्या ओठी असावा, एवढी तजवीज आम्ही मराठी शिकविणारे निश्चित करू शकतो. हुरहूर आणि खिन्नता, धास्ती आणि विषाद हे शब्द आपण परीक्षेत समानार्थी म्हणून घोकवीत आलो. ते समानार्थी नाहीत, हे शिकविण्यास आता तरी आरंभ करावा.