शंख, गवताचे पाते आणि वर्गातला बाक

१८८० च्या सप्टेंबर महिन्यात इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी जुलिओ तार्रा नावाचे धर्मगुरू होते. खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी भाषा श्रेष्ठ, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने संमत झाला. ज्यांच्याविषयी हा ठराव होता, ते कर्णबधिर मात्र त्या सभागृहात जवळजवळ नव्हतेच. पुढे कित्येक दशके अनेक शाळांतून मुलांच्या हातांवर बंदी आली. २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये एकशे तीस वर्षे गेली होती.

हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, कारण हे दार उघडणाराही एक धर्मगुरूच होता. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी गरीब कर्णबधिर मुलांसाठी विनामूल्य शाळा काढली. शिकवण्यापूर्वी मुलांच्या खुणा ते स्वतः शिकले. आपल्या मुंबईतही १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिरांसाठी शाळा सुरू केली. या देशातील अशा शाळांत ती आद्य मानली जाते.

विज्ञानाचा मार्ग निराळा होता. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरिएस यांनी एका बधिर रुग्णाची श्रवणमज्जा विजेने उद्दीपित केली व त्याला काही ध्वनी जाणवले. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस यांनी ते काम पुढे नेले. पण आमचे मन रमते ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम क्लार्क यांच्या कथेत. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. दुकानात गिऱ्हाइकांना आपले खाजगी दुखणे ओरडून सांगावे लागे. मुलाने ते पाहिले होते. मोठेपणी त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली ती आंतरकर्णाच्या वळणांची. शंखासारख्या त्या पोकळीत विद्युततारांचा जुडगा आत सरकेना. १९७७ साली सुटीत समुद्रकिनारी त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताचे पाते सारून पाहिले. बुडाशी ताठ व टोकाशी लवचीक असलेले पाते वळणावळणाने आत गेले! १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे त्यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. १९८५ पासून तेथे मुलांवरही उपचार सुरू झाले. १९९० मध्ये अमेरिकेने दोन वर्षांवरील बालकांसाठी मान्यता दिली. आपल्याकडे २०१४ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून गरजू कुटुंबांतील लहान मुलांनाही कॉक्लिअर इम्प्लांट मिळू लागले आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे नाव अनेक घरांत पोहोचले.

मूल ऐकू लागले, बोलू लागले, शेजारच्या साध्या शाळेत गेले. घरात पेढे वाटले गेले. पण निरोगी आंतरकर्णातील सुमारे पंधरा हजार केसपेशींचे काम येथे बारा ते बावीस विद्युताग्रे करतात. शांत खोलीत, समोरासमोर, ती पुरेशी होतात. साठ मुलांच्या वर्गात पंखा घरघरतो, बाक सरकतात, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि वाक्य अर्धेच पोहोचते. दिवसभर कान ताणून संध्याकाळी मूल किरकिर करते. आपण त्याला हट्टी म्हणतो. मधल्या सुटीत चार जण एकदम बोलतात आणि विनोद संपल्यावर ते हसते. अशा मुलांच्या सुखाविषयी विचारले असता पालकांचे उत्तर आणि मुलाचे उत्तर नेहमी जुळतेच असे नाही. शिक्षकाच्या गळ्यातील बिनतारी मायक्रोफोन, पुढचा बाक, दुसऱ्या मुलाचे उत्तर बाईंनी पुन्हा उच्चारणे, याने अशा मुलाला मदत होते. मायक्रोफोन वगळला तर काहीच खर्च येत नाही. आणि अशा मुलाने हातही वापरला तर काय बिघडले?

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात असे यंत्र लावलेली नऊ वर्षांची एक मुलगी होती. काहीही विचारले की "हो, फादर." आम्ही तिला आज्ञाधारक म्हणून सर्वांसमोर नावाजले. एका रविवारी विचारले, "आज कोणते शुभवर्तमान वाचले?" ती म्हणाली, "हो, फादर." वर्ग हसला. तिने कानामागचे यंत्र काढले आणि दप्तरात ठेवून दिले.

संध्याकाळी तिची आई आली. "फादर, रागावू नका. तुम्ही फेऱ्या मारत शिकवता. तुमची पाठ फिरली की तिला काहीच कळत नाही."

चार महिन्यांत आम्ही त्या मुलीला एकदाही विचारले नव्हते. मिलानच्या सभागृहाला नावे ठेवणे त्या रात्री आम्हांला जड गेले.

पुढच्या रविवारपासून आम्ही एका जागी उभे राहू लागलो. पंचवीस वर्षांची सवय. पाय सारखे निघत. "कळले नाही तर परत विचार," असे तिला समोर बसवून सांगितले. तीन आठवडे ती गप्पच होती. चौथ्या रविवारी हात वर झाला, "फादर, परत सांगा." आम्ही परत सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा तोच हात. तेव्हा अगदी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "फादर, मलाही नाही ऐकू आलं."