करारातला न लिहिलेला शब्द : बोरघाट, कंत्राट आणि सद्भाव

१/ जामखेड तालुक्यातील खर्ड्याचे नाव निघाले की १७९५ ची लढाई आठवते. मित्रहो, निंबाळकरांनी बांधलेल्या तिथल्या किल्ल्याकडे एकदा निव्वळ बांधकाम म्हणून पाहा. कोणत्याही दगडी भिंतीचा दर्शनी भाग सर्वांना दिसतो. आतली भर कशी आहे, चुना नीट मळला होता की नाही, हे फक्त बांधणाऱ्याला ठाऊक असते. बांधून घेणाऱ्याला त्याच्या सचोटीवर विसंबावे लागते. आजचा धागा या विसंबण्याच्या इतिहासाविषयी.

२/ कायद्याच्या भाषेत या सचोटीला ‘सद्भाव’ म्हणतात. कराराच्या अक्षरांत पळवाट सापडली, तरी समोरच्याचा विश्वासघात न करण्याचे हे बंधन. ते प्रत्येक करारात, न लिहिताही, असते काय? युरोपातील दोन कायदापरंपरांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली.

३/ रोमन कायद्याचा वारसा सांगणाऱ्या देशांनी होकार दिला आणि तो संहितेत लिहून ठेवला. करार सद्भावाने पार पाडले पाहिजेत, असे १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने सांगितले. १९०० मध्ये अमलात आलेल्या जर्मन संहितेच्या कलम २४२ चा आशयही हाच.

४/ न्यायनिवाड्यांतून वाढलेल्या इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’ने हात आखडता घेतला. १७६६ मध्ये सुमात्रातील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सद्भावाचे तत्त्व सर्वच करारांना लागू असल्याचे म्हटले होते. पुढील न्यायाधीशांनी ते मुख्यतः विम्यापुरते ठेवले. बाकी व्यवहारांत ज्याने त्याने आपले हित पाहावे आणि करारात जे लिहिले असेल तेवढेच मागावे.

५/ ही इंग्रजी कंत्राटपद्धत सह्याद्रीत आली ती रेल्वेबरोबर. जानेवारी १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरचे ८ मोठे पूल. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, बांधून घेणारी जी. आय. पी. रेल्वे कंपनी, कंत्राटदार विल्यम फेव्हिएल.

६/ कागदावर पक्ष दोनच होते : कंपनी आणि कंत्राटदार. घाटात मात्र कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली सुरुंग लावणारे, दगड फोडणारे, पाट्या वाहणारे मजूर. पैसा वरून खाली येताना वाटेत अडे. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल पेटली. त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले.

७/ पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, सरकारने मालक-मजूर तंट्यांचा कायदा केला. रेल्वे, कालवे यांसारख्या सार्वजनिक कामांवरील मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, ही त्यातली सोय. परंतु त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगाची वाटही होती. मालकाने शब्द मोडला तर बाकी चुकती करायची. मजुराने मोडला तर कोठडी.

८/ फेव्हिएलनंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. अ‍ॅडमसन आणि क्लाउसर या सहाय्यकांच्या देखरेखीखाली काम पुरे झाले. जानेवारी १८६१ मध्ये घाटात सुमारे ४२,००० माणसे राबत होती. एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला.

९/ चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, याच मार्गावरील महू-की-माली येथील पूल कोसळला. त्यानंतर कंपनीच्या इतर पुलांच्या दगडकामावरही प्रश्नचिन्ह लागले. भिंतीच्या आतले सत्य असे बाहेर आले.

१०/ मग फ्रेंच संहिता असती तर न्याय सोपा झाला असता काय? १८७६ चा क्रापोन कालव्याचा निवाडा पाहा. १५६७ च्या करारात ठरलेल्या पाणीपट्टीत तीन शतकांनंतर कालव्याची देखभाल होईना. खालच्या न्यायालयाने दर वाढवून दिला. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला : ठरले ते ठरले. सद्भाव संहितेत होता. कालव्याच्या मालकांच्या उपयोगी पडला नाही. बदललेल्या परिस्थितीत करार सुधारून देण्याची वाट तिथे २०१६ मध्ये खुली झाली.

११/ उलट, इंग्लंडमध्ये सद्भाव नाव न सांगता मागच्या दाराने येत राहिला. १८८१ चा मॅके विरुद्ध डिक हा खटला माती खोदण्याच्या यंत्राचा. चाचणीत यंत्र उतरले तरच पैसे, अशी अट होती. खरेदीदाराने चाचणीसाठी योग्य जागाच दिली नाही. स्वतः अडवणूक करून अटीचा फायदा घेता येणार नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले.

१२/ आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही प्रत्येक कराराला लागू होणारे सद्भावाचे कलम नाही. पण कलम ६७ चे उदाहरण वाचा : घरमालकाने दुरुस्तीच्या जागाच दाखवल्या नाहीत, तर दुरुस्ती न झाल्याचा दोष कारागिरावर येत नाही. कलम ७० म्हणते, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर, रीतसर करार नसतानाही, बांधकाम करणाऱ्या कंत्राटदाराला पश्चिम बंगाल सरकारकडून मोबदला मिळवून दिला.

१३/ म्हणजे सद्भाव हा शब्द संहितेत आहे की नाही, एवढ्याने निकाल लागत नाही. करार कोणाला पक्ष मानतो, हेही पाहावे लागते. बोरघाटात कंपनीकडे अभियंते होते, कंत्राटदाराकडे वकील. पाटी वाहणाऱ्याचे नाव कोणत्याच करारात नव्हते. त्याच्याशी सद्भावाने वागण्यास कोणीच बांधलेले नव्हते.

१४/ आज जामखेडमध्ये रस्त्याची किंवा बंधाऱ्याची निविदा निघते, तेव्हाही कागदावर दोनच सह्या असतात. तिसरा असतो मजूर आणि चौथे आपण, त्या रस्त्यावरून जाणारे. पुढच्या वेळी बोरघाटातून गाडी जाईल तेव्हा बोगदे जरूर मोजा. आणि ज्यांची सही कुठेच नव्हती, त्यांनी ते खोदले हेही ध्यानात असू द्या.