राखेच्या कणांची शिरगणती

परळी वैजनाथ परिसरात उन्हाळ्याचा वारा सुटला की घराच्या ओट्यावर, गच्चीवर आणि उभ्या पिकाच्या पानांवर करड्या धुळीचा थर बसतो. हा थर औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेचा, की रस्त्यावरच्या मातीचा, यावर वाद होतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही धुळी सारख्याच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या अगदी वेगळ्या असतात. मातीचा कण वेडावाकडा आणि कोनदार असतो, तर राखेचे बरेचसे कण काचेच्या बारीक गोट्यांसारखे वाटोळे दिसतात. हा फरक दिसतो इतकेच पुरेसे नसते. किती कण गोल, किती कोनदार, त्यांचे आकारमान किती, हे आकड्यांत मांडता आले तरच चर्चेला आधार मिळतो. हे काम आता सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा आणि प्रतिमा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर करते. त्यातून निघणारा आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

परळी आणि राख

बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॉटच्या तीन संचांची भर पडली. त्यानंतर २५० मेगावॉटचे तीन संच २००७, २०१० आणि २०१६ मध्ये उभे राहिले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर ढोबळ हिशेबाने दिवसाला चार हजार टनांच्या आसपास कोळसा जळतो आणि दीड हजार टनांच्या घरात राख उरते. यातील सुमारे पाचवा हिस्सा जड राख म्हणून भट्टीच्या तळाशी पडतो. उरलेली हलकी राख धुराबरोबर वर जाते आणि स्थिरविद्युत यंत्रणेत पकडली जाते. काही राख सिमेंट व विटांसाठी कोरडी उचलली जाते, तर काही पाण्याबरोबर तळ्यात सोडली जाते. तळे सुकले, किंवा वाहतुकीत राख सांडली, की वाऱ्याचे काम सुरू होते.

या कणांना गोल आकार येतो त्यालाही कारण आहे. भट्टीत जाण्यापूर्वी कोळसा पिठासारखा दळला जातो. तेराशे ते पंधराशे अंश सेल्सिअस तापमानात त्यातील खनिजे वितळतात, हवेत तरंगत असतानाच पृष्ठताणामुळे त्यांचे थेंब गोल होतात आणि थंड होताना तसेच गोठतात. काही गोळ्यांत वायू अडकतो व ते आतून पोकळ राहतात. असे पोकळ गोळे राखेच्या तळ्यात पाण्यावर तरंगतात. न जळलेल्या कोळशाचे तुकडे मात्र काळे, सच्छिद्र आणि बेढब असतात. म्हणजे राखेच्या एका चिमटीत निरनिराळ्या घडणीचे कण एकत्र नांदत असतात.

चिमटीपासून चित्रापर्यंत

मोजणीची पहिली पायरी संगणकावर नव्हे, तर नमुना घेताना सुरू होते. पोत्यातून वरवरची चिमूट उचलली तर चालत नाही, कारण हलवाहलवीत बारीक कण खाली झिरपतात आणि जाडे वर येतात. म्हणून राखेचा ढीग चांगला मिसळून त्याचे चार भाग केले जातात. समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे बाजूला सारतात आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करून नमुना लहान केला जातो. अखेरचा अल्प भाग अल्कोहोलसारख्या द्रवात ढवळून त्याचा थेंब काचपट्टीवर पसरतात. थेंब दाट झाला की कण एकमेकांवर चढतात, आणि पुढची सारी मोजणी तेथेच बिघडते.

दुसरी पायरी मापाची. कॅमेऱ्याच्या चित्रात मायक्रॉन नसतात, केवळ पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके असतात. एक ठिपका किती मायक्रॉनचा, हे ठरविण्यासाठी मापाची काचपट्टी वापरतात. तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर सारखे भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. तिचे चित्र घेऊन सॉफ्टवेअरला सांगितले जाते की, एवढे ठिपके म्हणजे एवढे मायक्रॉन. भिंग बदलले की हे माप पुन्हा घ्यावे लागते. वीसपट भिंगाचे माप चाळीसपट भिंगाच्या चित्राला लावले गेले, तर प्रत्येक कणाचा व्यास दुप्पट आणि आकारमान आठपट निघते. सॉफ्टवेअर त्याबद्दल कोणतीही तक्रार करीत नाही.

काळे की पांढरे

या कामासाठी जगभर वापरले जाणारे एक सॉफ्टवेअर म्हणजे ‘इमेजजे’. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ तयार केले. त्याचाच पुढचा अवतार म्हणून १९९७ मध्ये ‘इमेजजे’ आले. ते विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही चालते. सूक्ष्मदर्शक व कॅमेरा असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला ते वापरता येते.

सॉफ्टवेअरला कण ‘दिसत’ नाही. त्याच्यापुढे प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा एक आकडा असतो. साध्या करड्या चित्रात शून्य म्हणजे काळे आणि २५५ म्हणजे पांढरे. यात एक सीमा आखावी लागते. तिच्या एका बाजूचे ठिपके कणाचे, दुसऱ्या बाजूचे पार्श्वभूमीचे. ही सीमा हाताने ठरविता येते, किंवा गणिताने. जपानी शास्त्रज्ञ नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी फार वापरली जाते. ती दोन्ही गटांतील ठिपके आपापल्या गटात शक्य तितके एकसारखे राहतील अशी सीमा शोधते.

राखेच्या बाबतीत येथे एक गंमत होते. पारदर्शक काचेचा गोळा स्वतःच भिंगासारखा वागतो. त्याचा मध्यभाग उजळ आणि कडा काळी दिसते. सीमा आखली की सॉफ्टवेअरला गोळ्याऐवजी बांगडी मिळते. ती आतून भरून घेण्याची सोय असते, परंतु ती वापरण्याचे भान मोजणाऱ्याला ठेवावे लागते.

चिकटलेल्या कणांसाठी जी पद्धत वापरतात, तिचे नाव मराठवाड्याच्या वाचकाला परिचित वाटेल. ती आहे पाणलोट पद्धत. दोन गोळे एकमेकांना टेकले असतील तर चित्रात आठच्या आकड्यासारखी एकच आकृती दिसते. या आकृतीतील प्रत्येक ठिपका कडेपासून किती दूर आहे ते मोजून सॉफ्टवेअर एक काल्पनिक भूप्रदेश तयार करते. कडेपासून जितके दूर, तितकी खोली अधिक. म्हणजे दोन गोळ्यांच्या जागी दोन खड्डे तयार होतात. त्यात पाणी भरत नेले असता दोन्हीकडचे पाणी जेथे एकमेकांना भेटते, तेथे रेघ ओढली जाते आणि एकाचे दोन कण होतात. गोल कणांवर ही पद्धत उत्तम चालते. बेढब कोळशाच्या तुकड्याला मात्र ती विनाकारण चार ठिकाणी चिरते, आणि कणांची संख्या फुगते.

एका ठिपक्याची किंमत

यानंतर सॉफ्टवेअर प्रत्येक कणाला क्रमांक देऊन त्याचे क्षेत्रफळ, परिघ, सर्वाधिक लांबी आणि गोलपणाचा अंक यांचा तक्ता देते. गोलपणासाठी क्षेत्रफळाला चार पायने गुणून परिघाच्या वर्गाने भागतात. पूर्ण वर्तुळाचा अंक १ येतो, चौरसाचा ०.७९ च्या आसपास. चित्राच्या कडेला कापले गेलेले कण सहसा वगळले जातात, तसेच ठरावीक ठिपक्यांहून लहान आकृत्याही.

ही शेवटची मर्यादा का लागते, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एक ठिपका पाव मायक्रॉनचा आहे. अडीच मायक्रॉनचा कण चित्रात १० ठिपके रुंद येईल. काळ्या-पांढऱ्याची सीमा किंचित सरकून प्रत्येक बाजूला एक ठिपका वाढला, तर रुंदी १२ ठिपके होते. क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी आणि घनफळ ७३ टक्क्यांनी वाढते. ४५ मायक्रॉनच्या कणाच्या बाबतीत तीच चूक क्षेत्रफळात जेमतेम सव्वादोन टक्क्यांची राहते. म्हणजे श्वासाच्या दृष्टीने ज्यांची चिंता अधिक, त्या बारीक कणांच्या बाबतीतच मोजणी सर्वांत नाजूक असते. शिवाय प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाची कुवत मायक्रॉनच्या पाचव्या भागापाशी संपते. त्याखालच्या कणांसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

किती कण मोजावेत, यालाही नियम आहे. शंभर कणांच्या मोजणीत सुमारे दहा टक्के अनिश्चितता गृहीत धरावी लागते, चारशेत पाच टक्के, दहा हजारांत एक टक्का. डोळ्यांनी दहा हजार कण मोजणे म्हणजे कित्येक दिवसांचे काम. सॉफ्टवेअरचा खरा फायदा येथे आहे. ते कंटाळत नाही, आणि पहिल्या व शेवटच्या कणाला तोच नियम लावते.

दोन उत्तरे, दोन्ही खरी

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो निष्कर्ष सांगताना. केवळ उदाहरणादाखल एक काल्पनिक काचपट्टी घेऊ. तिच्यावर एकाच घनतेचे एक हजार गोल कण आहेत. त्यांपैकी ९०० कण अडीच मायक्रॉनचे, ९० कण दहा मायक्रॉनचे आणि १० कण पंचेचाळीस मायक्रॉनचे आहेत. संख्येने पाहिले तर ९० टक्के राख अतिशय बारीक. वजनाने पाहिले तर याच बारीक कणांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी, आणि त्या दहा जाड्या कणांचा वाटा जवळजवळ ९० टक्के! व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते, त्याचा हा परिणाम आहे.

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. सिमेंटसाठी राख घेणाऱ्याला वजनाचा हिशेब हवा असतो. भारतीय मानक ३८१२ नुसार सिमेंट-काँक्रीटमध्ये वापरायच्या राखेचा ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारा भाग ३४ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हवेची राष्ट्रीय मानकेही वजनावरच आधारलेली आहेत. २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांची मर्यादा दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे. पण फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतात ते बारीक कण, आणि वजनाच्या हिशेबात तेच झाकले जातात. म्हणून ‘राखेत बारीक कण नगण्य’ आणि ‘राखेत बहुतेक कण बारीकच’ ही दोन्ही विधाने एकाच काचपट्टीवरून करता येतात. कोणता हिशेब सांगितला, हे न लिहिता दिलेली टक्केवारी वाचकाची दिशाभूल करते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. हवेच्या मानकांतील व्यास हा कण हवेत कसा तरंगतो यावरून ठरतो, तर चित्रातील व्यास केवळ रूपावरून. भरीव राखेचा कण पाण्याच्या दुपटीहून जड असल्याने चित्रात सुमारे १.७ मायक्रॉनचा दिसणारा गोळा हवेत अडीच मायक्रॉनच्या थेंबासारखा वागतो. पोकळ गोळ्याचे गणित याच्या उलट बाजूला झुकते.

ओट्यावरची धूळ कोणाची?

सुरुवातीच्या वादात सूक्ष्मदर्शक काय सांगू शकतो, आणि काय नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. हवेतील धुळीचे वजन सांगणारे यंत्र ती धूळ कोठून आली ते सांगत नाही. कणांची घडण मात्र उगमाकडे बोट दाखवते. ध्रुवित प्रकाशात पाहिले तर काचेचे गोळे बहुतांशी काळे राहतात आणि मातीतील स्फटिकी खनिजे उजळतात. वाऱ्याच्या दिशेला आणि विरुद्ध दिशेला, केंद्रापासून निरनिराळ्या अंतरांवर काचपट्ट्या ठेवून गोल कणांचे प्रमाण मोजले, तर अंतराबरोबर ते कसे घटते याचे चित्र मिळू शकते. तरीही गोल कण तळ्यातून उडाला, वाहनातून सांडला की चिमणीतून आला, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. त्यासाठी नमुन्यांची जागा, दिवस आणि वाऱ्याची नोंद लागते. कणांची संख्या म्हणजे आजाराचा पुरावाही नव्हे. त्यासाठी वैद्यकीय तपासणी वेगळी करावी लागते.

म्हणून असा एखादा अहवाल समोर आला की, नागरिकाने, शेतकऱ्याने किंवा अधिकाऱ्याने काही साधे प्रश्न विचारावेत. नमुना कोठून, कधी व कसा घेतला? माप कोणत्या पट्टीवरून ठरवले? काळ्या-पांढऱ्याची सीमा कशी आखली? किती मायक्रॉनखालचे कण सोडून दिले? एकूण किती कण मोजले? टक्केवारी संख्येची की वजनाची? या प्रश्नांची उत्तरे आणि मूळ चित्रे अहवालासोबत असतील, तर ती मोजणी दुसऱ्या कोणालाही दुसऱ्या संगणकावर पुन्हा करून पाहता येते. राखेबद्दलच्या वादात दोन्ही पक्षांना तपासून पाहता येईल असा आकडा मिळणे, हीच या तंत्राची खरी उपयुक्तता आहे.