वेब ब्राउझरचे कळफलक व माऊस शॉर्टकट

वेब ब्राउझरचे शॉर्टकट म्हणजे महाजालावरील पाने उघडणे, बंद करणे, त्यांत शोध घेणे किंवा मागे-पुढे जाणे यांसाठी मेनूत न शिरता थेट वापरता येणाऱ्या कळांच्या जोडण्या आणि माऊसच्या विशेष क्रिया होत. या लेखात दिलेल्या जोडण्या प्रामुख्याने विंडोज व लिनक्सवरील क्रोम, फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरांना लागू आहेत. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड ही कळ वापरतात.

पार्श्वभूमी

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर तयार केला. मात्र कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेला लिंक्स हा ब्राउझर केवळ मजकूर दाखवणारा असून तो सर्वस्वी कळफलकावर, मुख्यतः बाणांच्या कळांवर, चालतो. माऊसच्या खुणांनी मागे-पुढे जाण्याची सोय ऑपेरा ब्राउझरने २००१ मध्ये दिली.

प्रमुख जोडण्या

कंट्रोल + एल दाबल्यास पत्त्याची पट्टी निवडली जाते. कंट्रोल + टी ने नवा टॅब उघडतो, कंट्रोल + डब्ल्यू ने चालू टॅब बंद होतो, तर चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टी ने परत येतो. कंट्रोल + टॅब ने पुढील टॅबवर जाता येते. कंट्रोलसह १ ते ८ हे आकडे त्या त्या क्रमांकाचा टॅब दाखवतात, पण ९ हा आकडा नेहमी शेवटचाच टॅब उघडतो. पानात शोधण्यासाठी कंट्रोल + एफ, तर साठवलेली जुनी प्रत टाळून पान नव्याने मागवण्यासाठी कंट्रोल + एफ५ वापरतात. स्पेस दाबल्यास पान खाली सरकते, शिफ्ट + स्पेस दाबल्यास वर.

पत्त्याच्या पट्टीत एखादा शब्द लिहून कंट्रोल + एंटर दाबल्यास त्यामागे ‘डॉट कॉम’ आपोआप जोडले जाते. यवतमाळ जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ ‘डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर असल्याने तेथे ही सोय निरुपयोगी ठरते.

माऊसचे मधले चाक दुव्यावर दाबले असता, किंवा कंट्रोल धरून दुव्यावर टिचकी दिली असता, दुवा मागील बाजूस नव्या टॅबमध्ये उघडतो. संथ जोडणीवर याचा मोठा उपयोग होतो, कारण एक पान वाचत असताना पुढची पाने उतरत राहतात. कंट्रोल धरून चाक फिरवल्यास अक्षरांचा आकार बदलतो. तो पूर्ववत करण्यासाठी कंट्रोल + ० आहे.

बॅकस्पेस आणि भरलेले अर्ज

पूर्वी बॅकस्पेस ही कळ मागील पानावर नेत असे. लेखनाच्या चौकटीत कर्सर असेल तर तीच कळ अक्षर पुसत असे. कर्सर चौकटीबाहेर गेल्याचे लक्षात न आल्यास अर्धा-पाऊण तास खपून भरलेला अर्ज एका कळीने नाहीसा होई. क्रोमने २०१६ मध्ये (आवृत्ती ५२) आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये (आवृत्ती ८७) ही सोय काढून टाकली. आता मागे जाण्यासाठी ऑल्ट + डावा बाण वापरावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नंतर दाखल्यांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन भरले जाऊ लागले असल्याने सेवा केंद्रचालकांच्या दृष्टीने हा बदल किरकोळ म्हणता येत नाही. कंट्रोल + डब्ल्यू चा धोका मात्र कायम आहे: बंद झालेला टॅब परत आणता येतो, त्यात भरलेला मजकूर परत येईलच असे नाही.

अर्जातील एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाण्यासाठी टॅब, मागे येण्यासाठी शिफ्ट + टॅब आणि पर्यायांची यादी उघडण्यासाठी ऑल्ट + खालचा बाण वापरतात.

देवनागरी कळफलकाची अडचण

इंग्रजी गृहीत धरून ठरवलेले एकाक्षरी शॉर्टकट मराठी टंकलेखन चालू असताना अनेकदा बंद पडतात. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘जे’ कळीवर र, ‘के’ वर क, तिरप्या रेषेच्या कळीवर य आणि एकेरी अवतरणाच्या कळीवर ट आहे. फायरफॉक्समध्ये तिरपी रेष दाबून होणारा झटपट शोध त्यामुळे इन्स्क्रिप्टमध्ये चालत नाही. अशा वेळी विंडोज + स्पेस दाबून भाषा बदलावी लागते.

याउलट काही ठिकाणी मराठी कळफलकच उपयोगी पडतो. सातबारा उताऱ्यासारख्या सेवांमध्ये जिल्हा, तालुका व गाव यांच्या याद्या देवनागरीत असतात. यादी निवडून पहिले अक्षर टंकल्यास त्या अक्षराच्या नावावर थेट जाता येते. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांच्या यादीत य दाबताच यवतमाळ येते. गावांच्या लांबलचक यादीत ही सोय अधिकच वेळ वाचवते. येथे नावाचे शासकीय रूप माहीत असावे लागते. पांढरकवडा हे ज्या तालुक्याचे मुख्यालय आहे, त्याचे नाव केळापूर आहे; केळापूर असे नाव असलेल्या यादीत प दाबल्यास निवड पुसदवर जाते.

कंट्रोल + एफ चा शोधही मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच भरवशाचा असतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या पानांवर डोळ्यांना ‘यवतमाळ’ दिसत असले, तरी संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे व चिन्हे असतात.

दृष्टिबाधित वापरकर्ते

माऊस वापरू न शकणाऱ्यांसाठी कळफलक हा एकमेव मार्ग असतो. एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन वाचकात एच कळीने पुढील शीर्षकावर, के ने पुढील दुव्यावर आणि एफ ने अर्जातील पुढील चौकटीवर जाता येते. केवळ माऊसनेच दाबता येणारी बटणे ठेवणारी संकेतस्थळे अशा वाचकांना अडवतात. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संकेतस्थळाची सर्व कार्ये कळफलकानेही करता आली पाहिजेत.

मराठी विकिपीडियावर

मराठी विकिपीडियावर लेखनचौकटीत कंट्रोल + एम दाबून मराठी टंकलेखन चालू-बंद करता येते. क्रोममध्ये ऑल्ट + शिफ्टसह एफ कळ शोधचौकटीत नेते, तर ई कळ संपादन उघडते. विंडोजवर नुसते ऑल्ट + शिफ्ट दाबून सोडल्यास कळफलकाची भाषा बदलू शकते, म्हणून तिसरी कळ दाबेपर्यंत या दोन्ही कळा धरून ठेवाव्यात.