शब्दवेध : जिरायत-बागायत

वसईच्या राजोडी, नाळे, सत्पाळे या पट्ट्यात जमिनीचा सौदा गुंठ्यावर होतो. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पण भाव ठरण्याआधी सातबारा उघडला जातो आणि बोट एका शब्दावर थांबतं : जिरायत की बागायत?

‘बागायत’ सरळ आहे. फारसी ‘बाग’, त्याला अरबी अनेकवचनाचा ‘आत’. वसईच्या वाडीला तो शोभतोही. विहीर, एकेकाळी तिच्यावर रहाट, पाटाचं पाणी, नागवेल, केळी, फुलं. यातली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात, आणि फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात.

खरी गंमत ‘जिरायत’ची. मूळ अरबी ‘झिराअत’ म्हणजे शेती, कुठलीही. मराठी महसुली दप्तरात पाण्याची जमीन ‘बागायत’ ठरली आणि या बिचाऱ्याच्या वाट्याला फक्त पावसाच्या भरवशावरची उरली. जिरायतीत पाणी ‘जिरतं’ म्हणून जिरायत, असंही सांगतात. ऐकायला झकास, पण व्युत्पत्ती म्हणून खोटं.

हा भेद नुसता कागदी नाही. कमाल जमीन धारणा कायद्यात बारमाही पाण्याच्या जमिनीला 18 एकरांची मर्यादा, कोरडवाहूला 54. आता खरेदीदार मात्र दोन्ही शब्द ओलांडून तिसराच विचारतो : ‘एनए (बिगरशेती) झालीय का?’ तिथे विहिरीला पाणी किती, हे कोणी विचारत नाही.