गोधडीतलं धड

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ज्याने काढली, त्याला गोधडी शिवता येत नसावी. भाराभर चिंध्या असल्या तरच एक धड पांघरूण होतं. धड म्हणजे अखंड, न फाटलेलं. मग हेच 'धड' गोधडीच्या पोटातही असेल का? मोह होतो खरा, पण हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, आणि आपल्याच कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. तेव्हा 'ध'वर फार भिस्त ठेवता येत नाही.

गोतावळा मात्र मोठा. दुपट्यात दोन पट, चौघडीत चार घड्या, असा हिशेब नावातच. वाकळ तर थेट वल्कलाच्या वंशातली मानतात. झाडाची साल गेली, जुनी लुगडी आली. गाडगेबाबांच्या ठिगळांच्या अंगरख्यामुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, आणि त्या ठिगळवाल्या माणसाने लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या.

हे सगळं डोक्यात आलं ते बिबवेवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकूंमुळे. एका वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी वस्तूंची विक्री होती, काकूंनी स्वतः शिवलेली गोधडी दिली. टाके दृष्ट लागण्यासारखे. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन करत आत जातो, पण मधला चौकोन मात्र जुळला नाही, एका अंगाला कलला. लुगड्याचा मोतिया काठ तीन बाजूंना पुरला, चौथीला शर्टाचं चौकड्याचं कापड. टेबलावरच्या मुलीने इमानदारीत चिठ्ठी लावली : 'सव्यंग'. काकू म्हणाल्या, "अगं, पांघरल्यावर ती बाजू पायाशीच जाते."

सव्यंग हा शब्द इथे मला खटकतो. तो गिरणीच्या मालाचा, जिथे हजार नग सारखे निघायचे असतात आणि एखादा चुकतो. गोधडीला असा नमुना कुठला? मराठीत याहून नेमका शब्द आहे, गालबोट. देखण्या लेकराच्या गालावर आई मुद्दाम काजळाचा ठिपका लावते, म्हणजे ते नजरेपासून वाचतं. वर्तमानपत्रांनी या शब्दाची पार उलटापालट केली. आता शांततेत चाललेल्या मोर्चावर दगड पडला की 'गालबोट लागतं'. जे राखणीसाठी होतं, तेच नासाडी होऊन बसलं.

बिब्ब्याची गतही अशीच. बिबवेवाडीच्या नावात तो आहेच, मग नाव झाडावरून पडलेलं असो वा आडनावावरून. बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं, म्हणून कुणी कामात खोडा घातला की 'बिब्बा घातला'. पण याच तेलाने परीट कपड्यांवर खुणा करत. चुन्याबरोबर ती खूण अशी पक्की बसे की धुऊनही जात नसे. काकूंच्या गोधडीच्या आतल्या थरात वडिलांचं धोतर आहे, त्यावर परटाची काळी खूण अजून दिसते. ती काय दोष म्हणून मोजायची?

दानात व्यंग नको, हा आग्रह मात्र जुना आणि रास्त. कठोपनिषदात वाजश्रवस थकलेल्या, दूध आटलेल्या गाई दान देतो आणि पोरगा नचिकेता बेचैन होतो. घरात नको झालेलं देवळात नेऊन टाकायचं, याला दान म्हणत नाहीत. दुसऱ्या बाजूने घेणाऱ्यालाही आपण बजावलेलं आहे की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. पण काकूंची गोधडी अडगळीतून आलेली नव्हती, हिवाळाभर मांडीवर होती. आणि इथे घेणारा पैसे मोजणार, म्हणजे त्याला दात मोजायचा हक्क आहेच.

शेवटी तिचा लिलाव झाला. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'लैलांव'वरून आला आणि इथलाच होऊन गेला. लिलावात लावतात ती मात्र बोली, अस्सल 'बोलणे'वरून. पहिली बोली एका आजोबांनी लावली, चिठ्ठी न वाचता. दुसरी त्यांच्या सुनेने, वाचून, आणि सासऱ्यांपेक्षा चढी.