कीबोर्डचा खडखडाट आणि एक रबरी रिंग

आजचा विषय आहे मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज, आणि तो कमी करायला कीकॅपच्या खाली बसवतात ती इवलीशी रबरी ओ-रिंग. तिने खरंच फरक पडतो का? उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

आवाजाची तक्रार कॉम्प्युटरच्या आधीची आहे. टाइपरायटरमध्ये अक्षराचा दांडा कागदावर हातोडीसारखा आपटायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वेलिंग्टन किडरने ‘नॉइजलेस’ टाइपरायटर आणला. त्यात अक्षर आपटायच्या ऐवजी दाबलं जायचं. १९२४मध्ये ही कंपनी रेमिंग्टनमध्ये गेली. आपल्याकडे १९५५मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवला. टायपिंग क्लासचा खडखडाट कसा असायचा, ते घरातल्या मोठ्यांना विचारा!

मग गंमत बघा. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कीखाली स्प्रिंग होती. की दाबली की ती एका क्षणी पटकन वाकायची आणि ‘टक्’ वाजायचं. साधारण त्याच क्षणी अक्षर नोंदलं जायचं. म्हणजे आवाज ही टाइप करणाऱ्याला मिळालेली पावती होती.

आजचे बरेच स्विच चेरी एमएक्स या जर्मन डिझाइनवर बेतलेले आहेत. ते १९८०च्या दशकात आलं. त्यात तीन वेगवेगळे आवाज असतात. ब्लू स्विचमध्ये की अर्ध्यावर असताना मुद्दाम केलेला क्लिक. मग की तळाला आपटते तो ‘ठक्’. आणि बोट उचलल्यावर की वर येऊन आपटते तो तिसरा.

आता ओ-रिंग. तिचा जन्म कीबोर्डसाठी झालेलाच नाही. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या निल्स क्रिस्टेन्सनने १९३७मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३९मध्ये ते मिळालं. काम काय, तर पिस्टनच्या बाजूने तेल किंवा हवा गळू न देणं. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ही रिंग प्रचंड वापरली गेली. पुढे हौशी लोकांनी तीच कीकॅपच्या दांडीवर चढवली.

तिथे ती काय करते? एमएक्सची की साधारण ४ मिलीमीटर खाली जाते. रिंग असली की कीकॅप स्विचच्या वरच्या कडेवर, रबरावर, आधीच टेकते. आतलं प्लास्टिक तळाला आपटत नाही. म्हणजे तीन आवाजांपैकी फक्त मधला कमी होतो. ब्लूचा क्लिक तसाच. वर येतानाचा आवाजही तसाच. शिवाय की थोडी कमी खाली जाते, आणि काहींना ती गुळगुळीत, मऊ लागते.

माझं सांगतो. माझे कॉल रात्री अकराला सुरू होतात, आणि त्याच खोलीत झोपणारा मित्र सकाळी सहाला ड्युटीवर निघतो. आवाज माझा, झोप त्याची. माझे स्विच ब्राउन आहेत, त्यात क्लिक नाही, म्हणून मी रिंग लावल्या. १०४ कीज, १०४ रिंग्ज, एक अख्खी संध्याकाळ गेली! ठकठक दबली. स्पेसबार मात्र खडखडतच राहिला, कारण त्याच्या खालची तार सैल होती. तिला ग्रीस लावल्यावर तो शांत झाला.

कंपन्यांनी हेच रबर स्विचच्या आतही घातलंय. ॲपलच्या १९९०च्या एक्स्टेंडेड कीबोर्ड टूमध्ये ते होतं. चेरीचे सायलेंट स्विच २०१०च्या दशकात आले. त्यात खालचा आणि वरचा, दोन्ही आवाज दबतात. नवीन कीबोर्ड घेणार असाल तर तेच बघा. हातात ब्लू असेल तर रिंगवर पैसे घालू नका.

आणि जुन्यावरच रिंग लावायची असेल, तर आधी चार-पाच कीजवरच लावा. ‘फरक पडला का’ हे स्वतःला विचारू नका, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!